वाटसरूचा मुक्काम आणि घरधनिणीची चूल

प्रवासास निघालेल्या माणसाच्या मुख्य गरजा दोन: रात्री पाठ टेकायला जागा आणि वेळेवर पोटाला अन्न. राजा असो की रंक, घरापासून दहा कोस दूर गेला की या दोन गोष्टींसाठी त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. तेव्हा परक्या माणसाची सोय समाज कशी लावतो, यावरून त्या समाजाची पुष्कळशी ओळख पटते असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. पूर्वी दारी आलेल्याला खेड्यातली माणसे भाकरी देत, आता ताटाचे पैसे मागतात. आतिथ्य संपले आणि धंदा सुरू झाला, अशी ती तक्रार आहे. ती कितपत खरी आहे, हे आपल्या जिल्ह्याच्या अनुभवावरून तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धर्मशाळा आणि वाडे

आपल्या जिल्ह्याला या विषयाचा थोर वारसा आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चोंडी या गावी झाला. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्यकारभार पाहिला आणि आपल्या राज्याच्या सीमेपलीकडेही, काशी-गयेसारख्या दूरच्या तीर्थक्षेत्री, मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांसाठी धन खर्च केले. २०२४ साली जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. चोंडीसारख्या लहान गावात जन्मलेल्या स्त्रीने परमुलखातील यात्रेकरूच्या मुक्कामाची चिंता वाहिली, ही गोष्ट आपण केवळ जयंतीपुरती आठवावी अशी नाही.

दुसरे उदाहरण शिर्डीचे. साईबाबांच्या हयातीत दूरदूरचे भक्त तेथे येऊ लागले, तेव्हा ते एक लहानसे खेडे होते आणि उतरायला जागा अपुरी होती. १९०८ च्या सुमारास साठे वाडा आणि १९१०-११ मध्ये दीक्षित वाडा उभा राहिला तो भक्तांच्या निवासाची सोय व्हावी म्हणून. आज त्याच शिर्डीत संस्थानची मोठी भक्तनिवासे आणि प्रसादालय आहे, शिवाय खाजगी लॉज आणि हॉटेले शेकड्यांनी आहेत. वाड्यापासून लॉजपर्यंतचा हा प्रवास एका शतकात झाला.

पंगतीबाहेरचा वाटसरू

मात्र जुन्या आतिथ्याचे गोडवे गाताना एक प्रश्न विचारणे भाग आहे. ते आतिथ्य कोणाला मिळत असे? जातीचा माणूस जातीच्या घरी उतरे. पंगत जातीची, पाण्याचा हंडा जातीचा. बिनपैशाच्या भाकरीची किंमत म्हणून आधी जात सांगावी लागे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात आपल्या बालपणीचा १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगाव येथे नोकरीला होते. त्यांना भेटण्यासाठी मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, भाड्याला पैसे होते, बरोबर शिदोरीही होती. पण जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली ती मुलांनी स्वतः हाकावी या अटीवर. रात्री नाक्यावर मुक्काम पडला, तेथे पिण्याचे पाणीही कोणी दिले नाही आणि शिदोरी असून मुले उपाशी झोपली. पुढे परदेशात शिकून बडोदा संस्थानात नोकरीस गेल्यावर पारशी धर्मशाळेतून आपल्याला कसे बाहेर काढले गेले, हेही त्यांनी लिहिले आहे.

म्हणून २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात, लिंग या कारणांवरून कोणालाही अटकाव होणार नाही असे स्पष्ट लिहावे लागले. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षणाच्या कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांतील भांड्यांचाही उल्लेख आहे. जो कायदा पाण्याच्या पेल्यापर्यंत जातो, तो समाजातील कोणत्या दुखण्यावर बोट ठेवतो हे निराळे सांगावयास नको.

या दृष्टीने पाहता, ठरलेले पैसे देऊन जेवणे यात कमीपणा नाही. दर फळ्यावर लिहिला, जो देईल तो जेवेल, असे झाले की निदान जात विचारण्याचे निमित्त तरी उरत नाही. ही सुधारणा आपोआप पूर्ण होते असे मात्र नव्हे. खोली देण्यापूर्वी आडनाव विचारून अंदाज घेणारी माणसे आजही भेटतात.

खानावळीतील अन्नपूर्णा

पैसे आले म्हणजे दुसरा प्रश्न येतो. ते कोणाच्या हाती पडतात?

मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून गेलेले हजारो कामगार खोल्यांत दाटीवाटीने राहत. त्यांना दोन वेळचे जेवण देणाऱ्या खानावळी बहुतेक स्त्रियाच चालवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या चुलीपुढे असत, तरी सरकारच्या लेखी त्या कामगार नव्हत्या, आणि वाण्याच्या उधारीतून व सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. घरच्या चुलीवरचा स्वयंपाक हा उद्योग आहे आणि तो करणारी बाई बँकेपुढे उभी राहू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

फ्रान्समधील शेतघरे

आता थोडे दूर जाऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या ग्रामीण भागातून, विशेषतः दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातून, तरुण मंडळी शहरांकडे जाऊ लागली. दगडी घरे ओस पडू लागली. त्या घरांची डागडुजी करून ती सुट्टीवर येणाऱ्या शहरी कुटुंबांना माफक भाड्याने द्यावीत, म्हणजे शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळेल आणि गावही टिकेल, असा विचार पुढे आला. आल्प्सच्या दक्षिण भागात १९५१ साली असे पहिले घर सुरू झाले आणि १९५५ साली 'जीत द फ्रान्स' हा त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. हॉटेलांना तारे देतात, तसा या घरांचा दर्जा हा संघ गव्हाच्या ओंब्यांनी दाखवीत आला आहे.

राहत्या घरातील खोल्या देण्याचीही तेथे रीत आहे. अशा घरात पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे यांपेक्षा अधिक नसावेत अशी मर्यादा कायद्याने घातली आहे आणि पाहुण्याचे स्वागत घरच्या माणसानेच करावयाचे असते. रात्रीच्या जेवणाला 'ताब्ल दोत' म्हणतात, म्हणजे यजमानाचे टेबल. तेथे पदार्थांची लांबलचक यादी नसते. त्या दिवशी घरात जे शिजले तेच सर्वांनी एका टेबलाशी बसून खावयाचे, आणि जिन्नस शक्यतो त्याच परिसरातले असावयाचे. आपल्याकडील खानावळीच्या ताटाशी याचे साम्य चटकन ध्यानात येते. फरक एवढाच की, तेथे यजमान आणि यजमानीणही पुष्कळदा त्याच टेबलाशी जेवायला बसतात.

अकोले तालुक्यातील घरमुक्काम

आमचा अकोले तालुका म्हणजे जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगरी भाग. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण येथेच आहे. राज्याचे पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. भंडारदऱ्याला त्याचे निवासस्थान आहे. परंतु गेल्या काही वर्षांत बारी, पाचनई, साम्रद, रतनवाडी अशा गावांत लोक राहत्या घरीच पाहुणे उतरवू लागले आहेत. पुरुषवाडी या आदिवासी गावात २००६ पासून 'ग्रासरूट्स' या संस्थेबरोबर ग्रामपर्यटनाचा प्रयोग चालू आहे. तेथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी जेवतात आणि ते काम निरनिराळ्या घरांत वाटून दिले जाते.

या उत्पन्नाचे महत्त्व ओळखायचे तर आमच्याकडील वर्ष पाहावे. पावसाळ्यात भात, नागली, वरई. कापणी झाली की पुष्कळ माणसे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जातात. घरी चार पाहुणे आले तर मजुरीचे काही दिवस वाचतात आणि मुलांची शाळा बुडत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या पुस्तकांचे पैसे काजव्यांच्या दिवसांतील पाहुण्यांनीच दिले आहेत, हे मी अभिमानाने सांगते.

काजव्यांचे ते दिवस मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचे. नेमकी हीच वेळ शेत तयार करून भाताचे रोप टाकण्याची. आई पहाटे चारला उठते, पाणी भरते, दिवसा शेतात जाते, संध्याकाळी तीस-चाळीस भाकऱ्या थापते. पाहुणे ठेच्याची तारीफ करतात, चुलीपुढे बसलेल्या आईचा फोटो काढतात. एकदा एका ताईंनी तिला आग्रह केला, "मावशी, तुम्हीही बसा ना आमच्याबरोबर." आई हसली आणि भाकरी उलटू लागली. सर्वांचे झाल्यावर अकराच्या सुमारास ती जेवली. ताटाचे पैसे मोबाईलवरून येतात ते वडिलांच्या खात्यात. पाहुणे शहरातल्या एखाद्या मध्यस्थामार्फत आले असतील तर त्याचा वाटा आधीच वजा झालेला असतो. मी हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर आई म्हणाली, "पाहुणा जेवून उठला की ताट धुतं कोण ते बघ, मंग तुझं लिहिणं लिही." या विषयावर मी वाचलेल्या पुस्तकांत हा मुद्दा मला इतक्या थोडक्यात सापडला नाही.

काय करता येईल?

साधने अगदीच नाहीत असे नाही. निवास व न्याहारी योजना आहे. २०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरण आणले. २०२३ च्या 'आई' या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणात स्त्री उद्योजिकेच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. पण ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही आणि खात्यात व्यवहार नाही, तिला बँकेची पायरी चढणे अवघड जाते. तेव्हा पुढील गोष्टी गावपातळीवर करण्यासारख्या आहेत असे मला नम्रपणे वाटते.

पहिली, ताटाचा आणि मुक्कामाचा दर गावातील महिला बचत गटाने ठरवावा व फळ्यावर लिहावा. दुसरी, जेवणाचे पैसे स्वयंपाक करणारीच्या खात्यात जमा व्हावेत; पुढे कर्ज मागताना हाच व्यवहार तिच्या उपयोगी पडेल. तिसरी, फ्रान्सप्रमाणे एका घरी पाहुण्यांची मर्यादा असावी. त्यामुळे बायकांचा जीव आणि काजव्यांचे रान दोन्ही वाचतील. चौथी, ताटात इथलेच धान्य असावे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या तालुक्यात येऊन पाहुण्याने बाजारचा तांदूळ खाऊन जावे हे शोभत नाही.

सारांश, भाकरीचे पैसे घेतल्याने आतिथ्य संपते असे मला वाटत नाही. जुने आतिथ्य उदार होते, पण त्याचे दार सर्वांना उघडे नव्हते आणि त्याचे कष्ट कोणी मोजत नव्हते. दार सर्वांना उघडे ठेवणे आणि कष्टाचा मोबदला कष्ट करणारीच्या हाती देणे, या दोन गोष्टी साधल्या तर खेड्यातील मुक्काम वाटसरूला सुखाचा होईल आणि यजमानीणही पाहुण्यांच्या पंगतीला बसू शकेल. सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण गड पाहायला जातात. कोणाच्या घरी जेवलात तर पैसे कोणाच्या हाती देता, तेवढे जरूर पाहावे.