शीतकपाटाची स्वच्छता

आता खेड्यांतील पुष्कळ घरांत शीतकपाट, म्हणजे फ्रीज, आले आहे. आत लिंबाची फोड ठेवली की ते शुद्ध झाले, असा समज मुले घरून घेऊन येतात. शिक्षकांनी तो प्रथम दूर करावा. लिंबाचा वास दुर्गंधीवर पांघरूण घालतो, इतकेच.

बटण बंद करून प्लग काढावा व नासलेले जिन्नस टाकून द्यावेत. 1 लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून कप्पे पुसावेत, मग साध्या पाण्याने पुसून कोरडे करावेत. दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या आणि पाण्याच्या निचऱ्याचे छिद्र विसरू नये. वास बहुधा तेथेच दडलेला असतो. नासलेल्या दुधाचा आंबट वास आम्लांमुळे येतो. सोडा अल्कधर्मी असल्याने त्यांना उदासीन करतो. त्याच पाण्यात लिंबू पिळण्याची हौस अनेकांना असते. फेस येतो, परंतु दोन्ही पदार्थ एकमेकांस निष्प्रभ करतात. (हा प्रयोग वर्गात पेल्यात अवश्य दाखवावा, मुलांना मौज वाटते.) शेवटी वाटीत लोणारी कोळसा ठेवावा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर वासाचे कण चिकटून राहतात.

"वास गेला, मग दूध प्यावे का?" असे एखादा विद्यार्थी विचारील. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ मंदावते, हे त्यास सांगावे. वीज 4 तासांहून अधिक वेळ गेली असल्यास कपाटातील दूध व शिजलेले अन्न, वास येत नसला तरी, मुलांस देऊ नये.