दुसऱ्या मचव्याला केलेली खूण

वाचन : लूक ५:१-११



शिमोन पेत्राची ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. रात्रभर राबून हाती काही लागले नाही. मग प्रभूच्या शब्दावरून जाळे टाकले आणि ते फाटायची वेळ आली, एवढी मासळी मिळाली. पण पुढचे वाक्य आपण घाईने वाचून जातो. शिमोनाने दुसऱ्या मचव्यातील साथीदारांना खूण करून बोलावले आणि दोन्ही मचवे भरले. आज त्या खुणेवर विचार करू या. आपल्या किनाऱ्यावरचे भांडण नेमके तिथेच अडले आहे.

१. भांडण कशाचे?

केळशीच्या खाडीतून निघणारी छोटी होडी वारा बघते, भरती-ओहोटी बघते, उधाण आहे की भांग हे बघते. जे जाळ्यात येईल ते घेऊन परतते. बाकीची मासळी दुसऱ्यासाठी आणि उद्यासाठी समुद्रातच राहते.

पर्ससीन जाळ्याची रीत वेगळी आहे. मासळीचा थवा दिसला की त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करतात आणि खालच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढतात. बटव्याची नाडी ओढावी तसे जाळे तळातून बंद होते. आत सापडलेला थवा लहानमोठ्या मासळीसकट वर येतो. एलईडी मासेमारीत रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावून मासळी एका जागी खेचतात. चार होड्यांना मिळाली असती ती मासळी एकाच जाळ्यात जाते. पहाटे गेलेला छोटा मच्छीमार डिझेलचा खर्च अंगावर घेऊन परत येतो.

२. कायदा काय सांगतो?

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ आणि ठरावीक क्षेत्र दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात नेला. तरीही तक्रारी थांबलेल्या नाहीत. राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापुढे केंद्राची. काळोखात कोणती नौका कुठे होती हे सिद्ध करणे सोपे नसते.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी मिळाली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे मासेमारीचे बरेच दिवस वाया गेले, हेही खरे. परंतु वादळाचा फटका सोसायला ज्याच्या गाठीला काही नसते, तो आधी मोडतो.

३. समुद्र कोणाचा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मनात रुजला. वस्तू सांभाळण्याचा हक्क एकाचा असू शकतो, पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे मानले पाहिजे. शेताला बांध असतो, समुद्राला नसतो. तिथे हा विचार विसरला की बळी तो कान पिळी. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले आहे की, मासळी संपली की सर्वांत आधी लहान मच्छीमार समाज भरडला जातो.

मात्र एक सावधगिरी हवी. मोठ्या नौकेवरचा खलाशीही पोटासाठीच आलेला असतो आणि मालकाच्या डोक्यावरही कर्ज असू शकते. आपला विरोध माणसाला नाही, नाडी ओढून सगळे आत घेणाऱ्या वृत्तीला आहे.

४. एक उदाहरण

केरळचे फादर थॉमस कोचेरी (१९४०-२०१४) मच्छीमारांमध्ये राहिले आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेते झाले. १९९१ च्या धोरणाने खोल समुद्रात परदेशी भागीदारीतील जहाजांना वाट मोकळी झाली, तेव्हा देशभरचे मच्छीमार एकत्र आले. त्यांनी बंद पाळले, उपोषणे केली. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. १९९६ च्या अहवालात समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. वेगवेगळ्या भाषांचे आणि धर्मांचे दर्यावर्दी एका बाजूला उभे राहिले, म्हणून हे घडले. आपल्या किनाऱ्यावरही कोळी आणि दालदी यांचा समुद्र एकच आहे.

चिंतन आणि कृती

१. बाजारात आपण पिल्लावळ स्वस्त मिळते म्हणून घेतो का? २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरवले. सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा आणि पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर घेऊ नये.

२. जून-जुलैच्या बंदीत शेजारच्या मच्छीमाराच्या घरी चूल कशी पेटते, याची आपण चौकशी केली आहे का?

३. माझ्या धंद्यात, माझ्या नोकरीत दुसरा मचवा कोणाचा? त्याला मी शेवटची खूण कधी केली?

मासळी किनाऱ्याला लागल्यावर शिमोनाने सर्व सोडले आणि तो प्रभूच्या मागे गेला. पण त्याआधी त्याने शेजाऱ्याचा मचवा भरला होता, हे आपण विसरू नये.