लसावि आधी दिसू द्या

1. पाढे पाठ आहेत म्हणजे लसावि येईलच, असं धरून चालू नये. अलिबाग-रेवदंड्याकडे पाढे घडाघडा म्हणणारी मुलंही 6 आणि 8 चा लसावि 48 सांगून मोकळी होतात.

2. म्हणून फळ्याआधी किनारा. ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवर सरळ रेघ ओढावी, काठीने सारख्या अंतरावर खुणा करून 0 ते 50 आकडे घालावेत. एकाने दर 6 खुणांवर शिंपला ठेवायचा, दुसऱ्याने दर 8 वर खडा. 24 वर दोन्ही एकत्र आले की पोरं आपसूक ओरडतात. 48 वर पुन्हा. मग विचारावं, "पुढची गाठ कुठे?" रेघ तर 50 लाच संपलेली असते. तरीही जो 72 म्हणतो, त्याला लसावि कळला.

3. अवयव त्यानंतर. 6 = 2×3, 8 = 2×2×2. एक 2 दोघांच्यात सामाईक आहे. नुसत्या गुणाकारात तो दोनदा शिरतो, म्हणून 48 ला 2 ने भागायचं. मसावि × लसावि = दोन संख्यांचा गुणाकार, हे सूत्र इथे मुलांनाच सापडतं. मात्र तीन संख्यांना ते लावू देऊ नये. 2, 4, 6 घेऊन दाखवा: मसावि 2, लसावि 12, पण गुणाकार 48.

4. अपूर्णांकांची बेरीज लगेच घ्यावी. 1/6 + 1/8 = 7/24. छेद 24 का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

5. कोळीवाड्यातल्या मुलांकडे घरचं गणित असतं, ते वर्गात आणावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला सुमारे 3, अष्टमीला 6. म्हणजे भरती रोज 48 मिनिटं पुढे सरकते आणि 15 दिवसांत 12 तास भरून पुन्हा त्याच वेळेवर येते. आज रविवार असेल, तर याच वेळेची भरती पुन्हा रविवारीच कधी? 15 आणि 7 मध्ये सामाईक अवयव नाही, म्हणून इथे सरळ गुणाकार, 105 दिवस. मग पंचांग उघडायला लावावं. उत्तर साधारण दीड दिवसाने हुकलेलं दिसतं, कारण 30 तिथ्या सरासरी 29.53 दिवसांतच सरतात. हा फरक आपण सांगू नये. मुलांना तिथ्या मोजत बसू द्यावं, तास गेला तरी चालेल.