मजुराचा घास

यहुदी धर्मशास्त्रातील एका लहानशा नियमाने मला विचारात पाडले. बायबलमधील 'अनुवाद' ग्रंथाच्या २३व्या अध्यायात, शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात पोटभर खावे, पण भांड्यात भरू नये, असे सांगितले आहे. इ. स. २००च्या सुमाराच्या मिश्ना ग्रंथात हा मजुराचा हक्क ठरतो. अंजिरे तोडणाऱ्याने मात्र द्राक्षे खाऊ नयेत. मजुरीहून अधिक खाऊ नये, असे रब्बी एलाझार हिस्मा म्हणतात. इतर पंडित तशी मुभा देतात, पण हावरटाला पुढे दार बंद होईल, असेही बजावतात. (काळजी कोणाची, मालकाची की मजुराची?) मात्र 'माझा वाटा बायकामुलांना द्या' हे म्हणणे शास्त्र ऐकत नाही. मला हे कठोर वाटते. घरी पोरे उपाशी असताना ते द्राक्ष त्याच्या घशाखाली उतरेल कसे?