फिलिप्पै येथील मंडळीचा आनंद
(फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४)

घरात धान्य व अंगात आरोग्य असले म्हणजे आनंद, असे आपल्यातील पुष्कळांस वाटते. मग पाऊस चुकला किंवा बैल मेला की तो आनंदही जातो. पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले. आपण जगणार की मरणार, याचा निकाल लागावयाचा होता. तरी साऱ्या पत्रात आनंद व उपकारस्तुती यांचाच सूर आहे.

ही मंडळी इ. स. ५० च्या सुमारास स्थापन झाली. जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया व तुरुंगाचा नायक ही तिची आरंभीची माणसे. मासेदोनियातील मंडळ्या अगदी दरिद्री होत्या, तरी फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पौलास देणगी पाठविली. तो आजारी पडून मरणास टेकला. हे ऐकून मंडळीस काळजी लागली. आणि मंडळीस कळले म्हणून तो आजारी मनुष्यच कष्टी झाला! पौल उपकार मानतो ते देणगीपेक्षा अशा माणसांबद्दल अधिक.

परंतु याही मंडळीत तंटा होता. सर्वदा आनंद करण्याची आज्ञा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या आधीची दोन वचने मात्र आपण घाईने ओलांडतो. त्यांत युवदीया व सुंतुखे या दोघी बहिणींस एकमनाने राहण्याची विनंती आहे. दोघींनीही सुवार्तेच्या कामी श्रम केले होते. तंटा कशाचा, हे पत्रात नाही, आणि ते बरेच झाले. नाही तर कोणाची बाजू घ्यावी याचाच आपण वाद घालीत बसलो असतो. पौल दोघींस निरनिराळी विनंती करतो, आणि एका सोबत्यास त्यांचे साहाय्य करावयास सांगतो. अर्थात समेट हे भांडणाऱ्यांचेच काम नव्हे, मंडळीचेही आहे.

आपल्या खेड्यांतील मंडळ्या लहान. दोन घरांचे बोलणे बंद झाले की एक कुटुंब उपासनेस उशिरा येते, दुसरे आशीर्वादाआधीच उठते. कापणीच्या सणास दोघांच्याही टोपल्या येतात, भजने मोठ्याने होतात, पण तोंडावर उल्हास दिसत नाही. अशा ठिकाणी उपदेशकाने आनंदावर आणखी एक उपदेश केल्याने फारसे साधेल असे आम्हास वाटत नाही. त्याने त्या सोबत्याप्रमाणे आधी दोन्ही घरी जाऊन बसावे, ऐकून घ्यावे, प्रार्थना करावी. आणि रविवारी हा अध्याय वाचताना चौथ्या वचनापासून नव्हे, दुसऱ्यापासून आरंभ करावा.