ते दूध कुठं गेलं?

तासगाव,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बापू,

परवा विट्याच्या लग्नात, भर पंगतीत, तुमच्या गावचा एक पाहुणा म्हणाला, “तुमच्या भाच्याचं दूध डेअरीनं परत धाडलं.” पाण्याचं नाव घेतलं असतं तर मी तिथंच त्याच्याशी भांडलो असतो, दाजींच्या घरात ते होणार नाही. पण तो म्हणाला, औषधाचा अंश निघाला. पुढचं जेवण गेलं नाही. रात्री आक्काला फोन केला, तर तिला तुझं कौतुक. “आता इंजेक्शनसुद्धा बापूच देतो, डॉक्टर लागत नाही.” हे ऐकून मला धडकीच भरली.

आधी एवढंच कळव : परत आलेलं ते दूध कुठं गेलं?

काय झालं असेल ते मी इथं बसून सांगतो. तांबडीला दगडी झाली, सड सुजलं, दुधात गाठी आल्या. मेडिकलवाल्याला फोनवर फोटो दाखवून तू सेफ्ट्रियाक्झोन आणलंस. सूज उतरलेली दिसताच उरलेला डोस कोनाड्यात ठेवलास आणि संध्याकाळची धार कॅनमध्ये ओतलीस. खोटं असेल तर तसं लिही, मी माफी मागेन. अरे, ते औषध शेड्यूल एच-वनमधलं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा कायदा आहे. न्यूमोनियाच्या, टायफॉइडच्या माणसालाही हेच टोचतात. अर्धवट डोसात जे जंतू तगतात तेच पुढं वाढतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल घेताना भाषणात हाच इशारा दिला होता.

आणि पावसाळ्यात गाई तिव्यानं लंगडत होत्या तेव्हाही तू अँटिबायोटिक टोचलंस म्हणे. तिवा विषाणूचा, बापू. दोन-तीन दिवसांत बहुतेक जनावरं आपोआप उठतात. विषाणूवर या औषधाचा काडीचा उपयोग नाही. पैसे गेले ते गेले, पोटातले जंतू मात्र त्या औषधाला सरावले.

बोलता बोलता आक्का म्हणाली, मागच्या आठवड्यात दही दोनदा लागलं नाही. तिनं थंडीला दोष दिला. थंडी असेलही. पण दुधात औषध उतरलं की विरजणाचे जंतू वाढत नाहीत, हे मला नोकरीतल्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून पुन्हा विचारतो, ते दूध कुठं गेलं? घरात आलं का? छकुली प्यायली का? उकळलं म्हणजे निभावलं असं समजू नकोस. उकळून जंतू मरतात, औषध बरंचसं तसंच राहतं. पेनिसिलिनची दुधातली आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे. एका गाईची धार केंद्रावरची अख्खी टाकी नासवू शकते.

तात्यांच्या जखमेचं मिरजेच्या दवाखान्यात काय झालं ते तू पाहिलंस. तपासणीच्या कागदावर एकेका औषधापुढं ‘लागू नाही’ असा शेरा होता. त्यांच्या जखमेतले जंतू कुणाच्या गोठ्यातून आले असं मी म्हणत नाही. पण गुराला दिलेलं औषध गुरापाशी थांबत नाही. डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेली, ती खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा कुठं २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माणसासाठी राखून ठेवायचं कोलिस्टिन २०१९मध्ये जनावरांना बंद करावं लागलं.

मला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात जायचं होतं. अण्णांनी डिप्लोम्यावर भागवलं, दोन बहिणींची लग्नं राहिली होती. पशुधन पर्यवेक्षक म्हणून आयुष्य गेलं. गावं मला डॉक्टर म्हणत, आणि दर वेळी मनात टोचे. दुधाचा नमुना तपासून कुठलं औषध लागू पडेल ते बघावं, असं फार वाटायचं. आमच्या उपकेंद्रात साधी काचपट्टी नव्हती. तुला आज ती सोय मिळते, बापू, आणि तू मेडिकलवाल्याचं ऐकतोस याचं वाईट वाटतं.

फार बोललो. अठरा लिटरची गाय, चार दिवसांचं दूध टाकायचं, लिटरला ३० रुपये धरले तरी २१६० रुपये होतात. हप्त्याच्या महिन्यात ते काय असतं हे मला कळतं. म्हणून दगडी होऊच नये याकडं बघ. पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून गाठी आहेत का पाहा. धार झाली की सडं आयोडीनच्या द्रावणात बुडव आणि लगेच पुढ्यात वैरण टाक. अर्धा तास तरी ती उभी राहू दे, तोवर सडाचं तोंड उघडं असतं. औषध दिलंच तर तिच्या पायाला लाल फीत बांध, तारीख वहीत लिही, आणि दूध किती दिवस टाकायचं ते डॉक्टरांकडून लिहून घे. ते दूध वासरांनाही पाजू नकोस. त्यांच्या पोटातही औषधाला सरावलेले जंतू तयार होतील.

दाजी गेल्यापासून गोठा तू एकट्यानं ओढतोस. पहाटे चारला उठतोस, हे पंगतीतल्या त्या पाहुण्याला काय माहीत? तांबडीला वाचवायला धडपडलास, त्यात तुझी मायाच होती. डॉक्टरांना बोलाव, यावेळची फी मी देतो, आक्काजवळ बोलू नकोस. रविवारी येतो. दोन दिवस धारा मी काढीन, तू जरा झोप. पाठ अजून दुखते का, ते आधी लिही. दुधाचं मग सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
मामा