हरित गंधक-जंतु व त्यांचा पहारेकरी

शिवऱ्याकडील एखाद्या आटत्या डबक्याचा काळा चिखल काठीनें ढवळून पाहावा. सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधि बहुधा येईल. ती हायड्रोजन सल्फाइड वायूची. जेथें हा वायु व मंद उजेड आहे, परंतु प्राणवायु नाहीं, अशा स्थळीं हरित गंधक-जंतु वास करितात. वनस्पति पाण्यापासून विद्युत्कण घेतात; हे जंतु ते या वायूपासून घेऊन गंधकाचे कण बाहेर टाकितात. त्यांच्या पटलांत विद्युत्कणांची ने-आण मेनाक्विनोन करितो. हा ‘के’ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार होय! प्रकाश टिपणाऱ्या पिशव्यांत मात्र क्लोरोबियम-क्विनोन पहाऱ्यास असतो. प्राणवायु शिरतांच टिपलेली शक्ति तो पुढें जाऊं देत नाहीं. कारण आपणांस जीवन देणारा हाच वायु त्या वेळीं जंतूस घातक ठरतो. प्राणवायु सरला कीं क्विनोन पुन्हां विद्युत्कण स्वीकारतो आणि शक्तीची वाट मोकळी होते.